नव्या इमारतीची रुजवात : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसमतच्या बाजारात हळदीचा सौदा करणारा व्यापारी मूठभर माल हातात घेऊन त्याचा रंग, वास आणि ओलावा पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. परंतु तोच व्यापारी आपले व्यापारी संकुल, मंगल कार्यालय किंवा शीतगृह बांधून झाले म्हणजे त्यातील वातानुकूलन, पंप, पंखे, दिवे व त्यांची नियंत्रणे संकल्पिल्याप्रमाणे चालतात की नाही याची कोणतीही रुजवात न करता, कळ दाबल्यावर यंत्र सुरू झाले एवढ्याच पुराव्यावर, मक्तेदाराचे अखेरचे देयक चुकते करून मोकळा होतो. या राहून गेलेल्या रुजवातीलाच अभियंते कमिशनिंग म्हणतात, आणि तिच्याविषयी रूढ असलेले समज बहुतांशी अर्धवट माहितीतून उपजलेले आहेत.

त्यांतील सर्वांत दृढमूल समज असा की, इमारत नवी, यंत्रे नामांकित कंपनीची, त्यांवर पाच तारे, तेव्हा तपासणीचे प्रयोजनच काय? वस्तुस्थिती अशी आहे की तारे हे यंत्राच्या प्रयोगशाळेतील वर्तनाचे असतात, ते यंत्र आपल्या भिंतीत कसे बसविले गेले याचे नसतात. तापमान मोजणारा संवेदक पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या भिंतीवर लावला गेला, तर यंत्र खोली थंड झाल्यावरही धावतच राहते. वायुमार्गातील झडप अर्धवट अडकलेली असते. वेळनियंत्रकात दुकान बंद होण्याची वेळ कोणी भरलेलीच नसते, म्हणून दार लागल्यावरही शीतकरण चालू असते. वेग कमीजास्त करणारे साधन पंपाला जोडलेले असते, त्याची किंमतही देयकात लागलेली असते, परंतु जोडणाऱ्या कारागिराने ते पूर्ण वेगावर कायम करून ठेवलेले असते. येथील हानी लहान नव्हे. कारण फिरत्या पाण्याच्या पंपाची वा पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि वेग 80 टक्क्यांवर आणला की विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली अमेरिकेतील 643 इमारतींच्या कमिशनिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा दहा हजारांहून अधिक उणिवा नोंदलेल्या आहेत. इतक्या उणिवा प्रगत देशात निघाव्यात, आणि आमच्याकडे मात्र सारे यथास्थित असावे, असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, व तो मात्र गंभीरपणे ऐकला पाहिजे. त्याच अभ्यासानुसार नव्या इमारतीच्या कमिशनिंगचा खर्च मध्यकाने प्रतिचौरसफूट 1.16 डॉलर, म्हणजे बांधकामखर्चाच्या सुमारे 0.4 टक्के होता, विजेची व इंधनाची बचत 13 टक्के झाली, आणि घातलेला पैसा 4.2 वर्षांत वसूल झाला. जुन्या, वापरातील इमारतीत खर्च 30 सेंट, बचत 16 टक्के आणि वसुली 1.1 वर्षांत. हे आकडे अमेरिकन मजुरीचे व अमेरिकन हवामानाचे आहेत. ते जसेच्या तसे वसमतला लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक. समजा, एखाद्या शीतगृहाचे वीजदेयक वर्षाला 20 लाख आहे. त्याच्या 16 टक्के म्हणजे तीन लाख वीस हजार, आणि एवढ्या बचतीसाठी बाहेरचा जाणकार बोलावणे शहाणपणाचे ठरेल. ज्या दुकानाचे देयक वर्षाला लाखभर, तेथे सोळा हजारांच्या आशेने तज्ज्ञ नेमला तर त्याची फी आणि प्रवासखर्च यांतच बचत जिरून जाईल. तेव्हा कमिशनिंग सर्वांनाच किफायतशीर, हा प्रचारही तितकाच मोठा गैरसमज आहे. लहान मालकाने वेळनियंत्रक, तापमानाची मर्यादा आणि मीटरचे आकडे स्वतः तपासावेत, एवढे पुरेसे आहे.

ऊर्जा लेखापरीक्षण आणि कमिशनिंग एकच, असेही पुष्कळ जण समजतात. लेखापरीक्षक वीज कोठे जाते याचा हिशेब मांडून सुधारणा सुचवितो, आणि त्यांत बहुधा नवी यंत्रखरेदी असते. कमिशनिंगमध्ये जे विकत घेतले आहे तेच नीट चालविण्याची तजवीज होते.

कायद्याविषयीही भ्रम आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम 2001 चा. त्याखालील इमारतविषयक संहिता प्रथम 2007 साली आली व 2017 साली सुधारली गेली. तिची मर्यादा 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए करारमागणी अशी होती. वसमतमधील बहुसंख्य दुकाने व कचेऱ्या या मर्यादेखालीच राहतात, म्हणून येथे हा विषय मुंबई-पुण्याचा मानला जातो. पण देयक संहितेची वाट पाहत नाही. उच्चदाब ग्राहकांना तर महावितरणची आकारणी 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएच मोजमापाने होते, म्हणजे कपॅसिटर नीट जोडलेले नसतील तर त्याचा दंड वेगळ्या ओळीत न दिसता एकूण आकड्यातच मुरतो आणि मालकाच्या ध्यानीही येत नाही.

एकदा तपासले की जन्माचे काम झाले, ही समजूतही टिकणारी नाही. कोणी कर्मचारी उकाड्याने त्रासून तापमान 18 अंशांवर आणतो व तसेच विसरतो, संवेदक हळूहळू चुकीचे आकडे दाखवू लागतात, भाडेकरू बदलतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी फेरतपासणी आणि दरम्यान मीटरची मासिक नोंदवही हवीच.

मराठवाड्यात एक अडचण विशेष आहे. दसऱ्याच्या किंवा दिवाळीच्या मुहूर्तावर ताबा घेतलेल्या इमारतीचे शीतकरण थंडीभर उत्तमच भासते. त्याची खरी परीक्षा वैशाखात होते, आणि तोवर मक्तेदार दुसऱ्या गावी गेलेला असतो. यास्तव करारनाम्यातच दोन अटी घालाव्यात : यंत्रणेची चाचणी ताब्याच्या वेळी एकदा व पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा मालकाच्या समक्ष, मोजमापासह व्हावी, आणि यंत्रणेच्या देयकातील काही हिस्सा ती दुसरी चाचणी उतरेपर्यंत राखून ठेवावा. ताबा घेऊन सर्व रक्कम दिल्यानंतर हीच दुरुस्ती मालकाला स्वतःच्या खर्चाने करावी लागते.