भाकरी, भगर आणि गुळाचा चहा : ‘लो-कार्ब’बद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की घरात पहिली गदा येते ती साखरेच्या डब्यावर. चहा बिनसाखरेचा होतो, पेढे शेजारी जातात आणि ताट मात्र होतं तसंच राहतं : तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी, वाटीभर पातळ आमटी आणि नावापुरती कोशिंबीर. तीन महिन्यांनी एचबीए१सी जिथल्या तिथे. ‘गोड तर केव्हाच सोडलं, मग साखर वाढते कशाने?’ हा प्रश्न मग डॉक्टरांपुढे येतो. वाढते ती त्या ताटाने. पोळी, भात, पोहे, बटाटा यांतला स्टार्च पोटात गेला की त्याचं ग्लुकोजच होतं. जिभेला तो गोड लागत नाही, एवढंच.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये आहाराचं चित्र पुढे आलं. आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. १,८०० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा दिवसाला जवळजवळ २८० ग्रॅम कर्बोदकांवर जातो. तो खाली आणणं म्हणजे लो-कार्ब. गोष्ट सरळ आहे, पण तिच्याभोवती समजुतींचं जाळं दाट आहे.

गैरसमज : भाकरी कितीही खा, साखर वाढत नाही.

वस्तुस्थिती : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, नाचणीत ६७, गव्हाच्या पिठात ६४ आणि बाजरीत ६२. तंतुमय भाग चारही धान्यांत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पोळी सोडून भाकरी धरली म्हणून कर्बोदकांत फारसा फरक पडत नाही. वेगळा पडतो तो पॉलिश केलेला पांढरा तांदूळ. त्यात कर्बोदकं ७८ ग्रॅम आणि तंतू तीन ग्रॅमच्याही आत.

भाकरीची खरी गोम वजनात आहे. एका फुलक्याला २५-३० ग्रॅम पीठ लागतं, तर हातावर थापलेल्या जाडसर भाकरीला सहज ७०-८० ग्रॅम. त्यामुळे ‘तीन पोळ्या सोडल्या, आता दोनच भाकऱ्या खातो’ असं अभिमानाने सांगणारा माणूस प्रत्यक्षात पाच फुलक्यांचं पीठ खात असतो. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा असेल तर एकदा करून पाहा. परातीत घेण्याआधी कोरडं पीठ मोजा. ३० ग्रॅम पिठाला साधारण १९-२० ग्रॅम कर्बोदकं, ७५ ग्रॅमला ५०. पुढे काट्याची गरज उरत नाही, नजर तयार होते.

२०२५ च्या त्या अभ्यासातही हेच दिसलं. मैदा आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचं आढळलं नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दूधदुभत्यातल्या प्रथिनांना दिला, तेव्हा मात्र धोका कमी दिसला. भाकरी चांगलीच आहे, पण ती एक असावी आणि शक्यतो अर्धी.

गैरसमज : साखर वाईट, गूळ आणि मध चालतात.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यांतली बहुतेक सगळी साखरच असते. मधात ती ८० ग्रॅमच्या आसपास, तीही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात, म्हणजे पचवायचे कष्टही फारसे नाहीत. गुळातल्या लोहाचं कौतुक होतं, पण चहातल्या चमचाभर गुळाने लोहाची गरज भागत नाही. नाक्यानाक्यावरच्या ‘गुळाच्या चहा’च्या पाट्या दिसायला छान, पण मधुमेह असलेल्याने तो साखरेचाच चहा समजावा. ‘शुगर-फ्री’ बिस्किटांचंही तसंच. साखर काढली तरी मैदा राहतोच. पुडा उलटा करून ‘साखर’ नव्हे, ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ वाचावी.

गैरसमज : उपवासाचं खाणं हलकं, पथ्याचं.

वस्तुस्थिती : मधुमेहासाठी एकादशी हा महिन्यातल्या जड दिवसांपैकी एक ठरतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदकं, प्रथिनं आणि तंतू नावाला. खिचडीच्या एका भरल्या बशीत ७०-७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा असतो, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर कर्बोदकं. त्यात बटाट्याच्या फोडी, वर चिमूटभर साखर, संध्याकाळी रताळ्याचे काप आणि बटाट्याचा कीस. शेंगदाण्याचं कूट आणि तुपामुळे साखर थोडी सावकाश चढते, पण चढते.

भगरीलाही सूट नाही. वरई हे भरडधान्यच आहे. उपवासाला चालतं म्हणून त्यातला स्टार्च कमी होत नाही. राजगिऱ्यात प्रथिनं जरा जास्त, म्हणून तो बरा, पण लाडू गुळाच्या पाकातला असतो हे विसरू नये.

उपवास सोडा असं कुणी म्हणत नाही. शेंगदाण्याची आमटी वाटीभर घ्यावी, भगर दोन-तीन चमचे. काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, दही, ताक, पनीर, लाल भोपळ्याचं भरीत हे पदार्थ ज्या घरात उपवासाला चालतात, तिथे पोट भरायला तेवढे पुरतात. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या दिवसाचा डोस आधी विचारून ठेवावा. कडकडीत उपवास करून नेहमीची गोळी घेणं धोक्याचं आहे.

गैरसमज : लो-कार्ब म्हणजे भात-पोळी कायमची बंद.

वस्तुस्थिती : तो झाला कीटो आहार. त्यात दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांवर भागवावं लागतं आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय तो करू नये. सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खालच्या आहाराला लो-कार्ब म्हणतात. सध्या २८० वर असलेल्या माणसाने १५०-१६० वर येणं हेही मोठं पाऊल आहे, आणि आपल्या जेवणात ते जमण्यासारखं आहे.

दुपारच्या ताटाचा हिशेब पाहा. दोन फुलके म्हणजे ४० ग्रॅम. वाटीभर घट्ट उसळीचे १५ ते २०. मेथी, गवार, दोडका, कोबी, वांगं यांपैकी मोठी वाटीभर भाजी आणि काकडी-टोमॅटोची दह्यातली कोशिंबीर मिळून आणखी १५. एकूण ७५ ग्रॅमच्या आसपास, आणि पोट भरलेलं. भात हवाच असेल तर एक फुलका कमी करून अर्धी वाटी घ्यावा. अडचण येते ती ‘पोळीही आणि वर भातही’ या सवयीने. कोकणात आणि गोव्यात माशाच्या कालवणाला उगाच दोष मिळतो. बांगड्यात कर्बोदकं नसतातच, साखर चढते ती खालच्या भाताच्या ढिगाने.

कुठला पदार्थ आधी खातो यानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये ११ मधुमेही व्यक्तींवर एक छोटा प्रयोग झाला. तेच जेवण, पण आधी भाजी आणि प्रथिनं, नंतर पाव असा क्रम ठेवल्यावर एका तासानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडे पंगतीची सुरुवातच वरणभाताने होते. मधुमेह असलेल्याने कोशिंबीर आणि उसळ आधी संपवावी, भाताकडे शेवटी वळावं.

दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात लोकप्रिय झाली, तिलाही कुणी लो-कार्ब म्हणतात. ती किती वेळा खायचं ते सांगते, लो-कार्ब काय खायचं ते. दोन्ही वेळा ताट भाताने भरलं तर आहार लो-कार्ब होत नाही.

गैरसमज : शाकाहारी माणसाला हे जमणारच नाही.

वस्तुस्थिती : मांस-मासे-अंड्यांनी काम सोपं होतं हे खरं, पण उसळी आणि डाळी असलेल्या स्वयंपाकघराने हार मानायचं कारण नाही. हरभरा डाळीत १०० ग्रॅमला साधारण २१ ग्रॅम प्रथिनं आणि १५ ग्रॅम तंतू असतात, कर्बोदकं ४७. म्हणजे डाळ कर्बोदकमुक्त नाही, तरी तांदळाच्या तुलनेत तिचा हिशेब कितीतरी चांगला. बदलायचं ते प्रमाण. डावभर पातळ आमटीत डाळ दिसतही नाही. घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, पनीर, सोयाबीन, दही हे ताटात मुख्य असावेत आणि पोळी त्यांच्या जोडीला. नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं हा बदल पहिल्याच आठवड्यात ग्लुकोमीटरवर दिसू शकतो.

गैरसमज : कर्बोदकं नाहीत ना, मग तूप, शेंगदाणे, काजू हवे तितके.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. मूठभर ठीक, पण टीव्हीपुढे वाटी रिकामी केली तर वजन वाढतं आणि वजनाबरोबर इन्सुलिनला होणारा विरोधही. कर्बोदकं घटवून लोणी-तूप भरपूर वाढवणाऱ्या काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉलही चढतं. म्हणून लिपिड प्रोफाइल मध्येच एकदा करून घ्यावं.

गैरसमज : रात्री जेवलो नाही तरी सकाळी शुगर जास्त, म्हणजे पथ्य फुकट.

वस्तुस्थिती : आपण झोपलेलो असताना यकृत रक्तात ग्लुकोज सोडत असतं, आणि पहाटे काही हार्मोन्स त्याला जोर देतात. मधुमेहात या प्रक्रियेवरचा लगाम सैल पडतो. म्हणून रात्री उपाशी राहूनही फास्टिंग चढलेली दिसते, आणि जेवण टाळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘पोळी-भात कमी केला तर मेंदूला साखर कुठून मिळणार’ या धास्तीचं उत्तरही यातच आहे : यकृत स्वतः ग्लुकोज बनवतं.

गैरसमज : आकडे सुधारले, आता गोळी बंद करायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : इथे चूक झाली तर किंमत मोठी आहे. लो-कार्ब सुरू केल्यावर औषधात बदल लागू शकतो हे खरं, आणि तो कधीकधी पहिल्या दिवसापासूनच लागतो. पण तो डॉक्टरांनी करायचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम निम्म्यावर आणला तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्याने सर्रास दिल्या जातात. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या घेत असताना कर्बोदकं फारच घटवली तर रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो, तोही ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ‘शुगर तर ठीक आहे’ म्हणून घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. टाइप १ मधुमेह, गरोदरपण किंवा किडनीचा आजार असेल तर आहारातला कुठलाही मोठा बदल आधी विचारूनच.

गैरसमज : लो-कार्बने मधुमेह मुळापासून बरा होतो.

वस्तुस्थिती : अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आला. सहा महिन्यांपर्यंत लो-कार्ब गटाला चांगला फायदा झाला, वर्षाच्या टोकाला मात्र फरक बराच ओसरला. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन घटवून पहिल्या वर्षी ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय आटोक्यात आली होती, दुसऱ्या वर्षअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. साखर नॉर्मलला आली तरी आजार परतू शकतो, म्हणून तपासण्या सुरूच ठेवायच्या. महिनाभर कडक पाळून सोडलेल्या आहारापेक्षा वर्षानुवर्षं निभेल असा मध्यम आहार जास्त कामाचा.

कुणाच्या शरीराला किती भात झेपतो हे दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरत नाही. नेहमीचं जेवण घ्या, घास घेण्याआधी एकदा आणि दोन तासांनी पुन्हा साखर तपासा, ताटात काय होतं तेही लिहून ठेवा. जेवणानंतरचा आकडा १८० च्या खाली राहावा ही सर्वसाधारण अपेक्षा असते, तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टर सांगतील. आठवडाभराची ही नोंद आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन आधी त्यांच्याकडे जा, आणि ताट बदलायला त्यानंतर सुरुवात करा.