समुद्री शेवाळाने आयुष्य वाढते का?

रमजानमध्ये इफ्तारसाठी दूध घालून केलेला चायना ग्रास आपल्या बहुतेक घरांत होतो. हा पदार्थ लाल समुद्री शेवाळापासून मिळतो. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनते, म्हणून ते हलाल आहे का हे तपासावे लागते. चायना ग्रासबाबत तो प्रश्न येत नाही. म्हणजे समुद्री शेवाळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

गेल्या महिन्यात आमच्या खालाजान फोनवर म्हणाल्या, "बेटा, शेवाळाच्या गोळ्या मागवल्यात. जपानी लोक म्हणे त्यामुळेच शंभर वर्षे जगतात." खालाजान ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना रोज थायरॉइडची गोळी घ्यावी लागते. आम्हाला काळजी वाटली, म्हणून आम्ही हा विषय नीट समजून घेतला.

जपानमधील ओकिनावा बेटे शतायुषी लोकांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील शतायुषींचा अभ्यास १९७५ पासून सुरू आहे. ते लोक मोझुकू आणि कोंबू ही शेवाळे आवडीने खातात. त्यांत बुळबुळीत तंतू, खनिजे आणि भरपूर आयोडीन असते. जपानमध्ये ८६ हजारांहून अधिक लोकांची सुमारे २० वर्षे पाहणी झाली. जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी दिसले, पक्षाघाताच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही. शिवाय अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

ओकिनावाच्या जुन्या पिढीचे मुख्य अन्न रताळे होते. सोबत भाज्या, सोयाबीनचे पदार्थ, शेतातले कष्ट आणि शेजाऱ्यांची साथ होती. पोट ८० टक्के भरले की हात आखडायचा, ही त्यांची रीत. पोटाचा काही भाग रिकामा ठेवावा, ही शिकवण आपल्यालाही आहेच! पुढे तिथे बर्गर आणि तळलेले पदार्थ आले. २००० साली पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा जपानच्या ४७ प्रांतांमध्ये २६ व्या क्रमांकावर घसरले. शेवाळ तर तेव्हाही बाजारात होतेच.

आता धोक्याचे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. कोंबूच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या दहापट आयोडीनही असू शकते. एवढ्याने थायरॉइडचे काम बिघडू शकते. हिजिकी नावाच्या शेवाळात तर आर्सेनिक सापडल्याने ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने ते खाऊ नये असे सांगितले आहे. थायरॉइडचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

खालाजाननी डॉक्टरांना विचारले आणि गोळ्यांची बाटली बाजूला ठेवली. आता त्या रोज संध्याकाळी आमच्या धाकट्या मुलीचा हात धरून फिरायला जातात आणि रात्री एक पोळी कमी खातात. चायना ग्रास मात्र त्यांनी सोडलेला नाही. फक्त त्यातली साखर निम्मी केली आहे.