एका बाजूनं बसायचं कशाला?

जिजाऊ जयंतीला, १२ जानेवारीला, आम्ही मेहकरहून सिंदखेडराजाला जातो. नऊवारी नेसून घोड्यावर बसलेल्या मुली पाहिल्या की ऊर भरून येतो. एका वर्षी परतताना मी ह्यांच्या मोटरसायकलवर मागे, नेहमीसारखी एका बाजूनं बसले होते. गाडी खड्ड्यात उसळली, पदर सुटला आणि चाकात जाता जाता वाचला. घरी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या लुगड्यात असं झालं नसतं बाई!"

मला ते पटलं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रज बायकाही घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन बसत. त्यासाठी खास पोशाख असे. वर लोकरी कापडाचं, पुरुषी कोटाच्या धर्तीवर बेतलेलं जॅकेट. ते शिवायला बहुधा पुरुषांचेच शिंपी. आत फक्त गळा आणि छाती झाकणारा अर्धा सदरा. खाली लांबलचक घागरा. बसल्यावर पाय दिसू नयेत म्हणून तो इतका लांब, की उतरल्यावर हातात उचलून चालावं लागे. आणि पडलं तर खोगिरात अडकायची भीती वेगळीच!

आपल्या नऊवारीला ना सुई लागते, ना दोरा. कमरेला गाठ, पुढे निऱ्या आणि पायांमधून मागे नेऊन घट्ट खोचलेला कासोटा. अंग झाकलेलं, तरी दोन्ही पाय मोकळे. पदर कमरेला खोचला की हात लगामाला रिकामे!

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मूळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. पक्क्या घोडेस्वार. राज्य गेल्यावर १८३५ साली त्यांची छावणी फतेगढला होती. तिथं फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना भेटायला जाई. एका अंगानं बसून घोडा कसा चालवायचा, याचं छावणीतल्या मराठी बायकांना मोठं नवल वाटलं. मग फॅनीनंच मराठी वेश केला आणि दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसली. ही बैठक तिला फार सुरक्षित वाटली. पुढे १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिनं हे मोकळेपणानं लिहिलंय.

आणि आपण? पाचवारी आली, कासोटा गेला आणि गाडीवर आपण एका बाजूला सरकलो. कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मोटरसायकलला जाळी असावी, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. पण ती जाळी चाक झाकते, तोल सांभाळत नाही.

त्या दिवसापासून गाडीवर जायचं तर मी सलवार-कमीज घालते, ओढणी गाठ मारून खोचते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. पहिल्या दिवशी गल्लीत कुजबुज झाली, "या वयात ही काय थेरं?" सासूबाईच ओट्यावरून म्हणाल्या, "थेरं कसली? आपल्या बायका घोड्यावर अशाच बसायच्या!"

मैत्रिणींनो, मर्यादा बसण्यात नसते. जीव मात्र बसण्यावरच असतो.