मीपणा आणि समोरचे काम



अहंकार हा विषय निघाला की आपल्याला श्रीमंताची माडी आठवते, नाहीतर हिमालयातला साधू. एकाला तो जडलेला असतो, दुसऱ्याने तो टाकलेला असतो, आणि आपण मधले लोक त्यातून सुटलो असे मानून स्वस्थ बसतो. वास्तविक हा विषय स्वयंपाकघरातला, कचेरीतला आणि कारखान्याच्या फाटकावरचा आहे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शास्त्राचे शिक्षण मला कोणत्याही पाठशाळेत मिळालेले नाही. रात्री वाचून जे उमगले आणि दिवसा माणसांत जे पडताळून पाहिले, तेवढेच मांडतो.

प्रथम शब्द पाहू. बोलण्यात आपण अहंकार म्हणजे ताठा समजतो. सांख्यदर्शनात त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीपासून बुद्धी आणि बुद्धीपासून अहंकार असा क्रम येतो. जे जे अनुभवाला येते त्यावर ‘मी’ आणि ‘माझे’ असा शिक्का मारणे हे त्याचे काम. हा एक कारकूनच म्हणा. त्याचा शिक्का स्तुतीवर बसतो, तसाच निंदेवरही बसतो. ‘माझ्यासारखा मीच’ म्हणून मिरवणारा आणि ‘माझ्यासारखा करंटा मीच’ म्हणून कुढणारा, दोघेही दिवसभर एकाच माणसाचा विचार करीत असतात.

कारकून हवाच. हजेरीपुस्तक नसेल तर पगार कोणाचा ते कळणार नाही. आणि ‘मी’ नसेल तर अन्याय कोणावर झाला तेही कळणार नाही. म्हणून अहंकार मारून टाका, हा उपदेश मला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला खाली मान घालायला लावले, त्याला ‘मीपण सोड’ असे सांगणे म्हणजे ती मान आणखी दाबणे होय. त्याला स्वाभिमान हवा. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. हक्क मिळाला की स्वाभिमानाचे समाधान होते. अहंकाराचे तेवढ्याने भागत नाही. त्याला समोरच्याची मान वाकलेली पाहायची असते.

एक उदाहरण घ्या. पगारवाढीची बोलणी चालू आहेत. मालकपक्षाचा अधिकारी एखादा खोचक शब्द बोलतो. कामगारांच्या प्रतिनिधीच्या मनात तो रुतून बसतो आणि सडेतोड उत्तराची जुळवाजुळव सुरू होते. तेवढ्यात तोच अधिकारी थकबाकी दोन हप्त्यांत देण्याची तयारी दाखवतो. ते वाक्य प्रतिनिधीच्या कानावरून निघून जाते. माणूस टेबलाशी बसला आहे, पण त्याचे कान मघाच्या शब्दाशी आणि जीभ पुढच्या उत्तराशी गुंतली आहे. बोलणी फिसकटली तर किंमत त्याच्या एकट्याच्या मानापमानात चुकती होत नाही. ती शे-दीडशे घरांच्या वाणसामानात चुकती होते.

अहंकाराचा आणि वर्तमानकाळाचा संबंध इथे दिसतो. या कारकुनाचे सारे भांडवल कालचे आणि उद्याचे : काल मला कोण काय म्हणाले, उद्या माझे कसे होईल. हार्वर्ड विद्यापीठाचे किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढ माणसांना त्यांनी मोबाइल फोनवरून अवचित वेळी विचारले : आत्ता काय करीत आहात, मन कुठे आहे, कसे वाटते? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकलेले असताना माणसे कमी सुखी होती. सुखाच्या विचारात रमलेलेसुद्धा कामात लक्ष असलेल्यांहून अधिक सुखी आढळले नाहीत.

कोणी विचारील, ज्याच्या घरी महिनाअखेरीला पिठाचा डबा रिकामा होतो त्याने उद्याचा विचार करू नये काय? अवश्य करावा. मात्र तजवीज आणि काळजी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. तजविजीला तारीख असते, रक्कम असते. ती कागदावर उतरते आणि मग मन मोकळे होते. काळजी तेच ते वाक्य रात्रभर दळते आणि सकाळी पीठ काही निघत नाही.

वर्तमानात राहणे ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. यंत्रमागावरचा कामगार एका वेळी अनेक माग सांभाळतो. त्या खडखडाटात एका मागाचा आवाज बदलला की त्याचे पाऊल तिकडे वळते. कांडी संपली की धागा तुटला, ते त्याला कानाने समजते. ‘मी केवढा कसबी’ हा विचार तेव्हा त्याच्या मनात नसतो. हेच लक्ष आपण यंत्राला देतो आणि घरच्या माणसाला देत नाही, एवढीच अडचण आहे.

यासाठी बौद्ध परंपरेतील सतिपट्ठान सुत्तात श्वास, शरीर, वेदना आणि चित्त यांच्याकडे सावधपणे पाहण्याची शिस्त सांगितली आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. दहा दिवसांची भरपगारी रजा मिळवणे हा एक स्वतंत्र लढाच आहे! पण रजेवाचून करण्याजोगे बरेच आहे. राग आला की उत्तरापूर्वी एक श्वास पुरता आत घ्यावा, पुरता सोडावा. मग स्वतःला विचारावे : दुखावले काय, मागणी की मी? मागणी दुखावली असेल तर ठासून बोलावे. ‘मी’ दुखावला असेल तर थोडे थांबावे. आणि समोरचा बोलत असता त्याचे शेवटचे वाक्य आपल्याला जसेच्या तसे सांगता येईल काय, याची मधूनमधून परीक्षा घ्यावी. पुष्कळदा आपण नापास होतो, पण लक्ष सुटले होते हे कळणे म्हणजेच ते परत येणे.

शेवटी एक गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती झगडून मिळवलेली आहे. त्या दिवशी आपण घरी असतो, पण मुकादमाचे शनिवारचे बोलणे आणि सोमवारची पाळी डोक्यात फिरत असते. मूल काहीतरी दाखवायला येते आणि आपण न पाहताच ‘छान’ म्हणतो. येत्या रविवारी ते मूल काय दाखवते आहे, तेवढे नीट पाहू या.