भाव कळला, पुढे काय?

दूरच्या पेठेतील भाव शेजाऱ्याच्या आधी ज्याला कळला, त्याचा त्या दिवशीचा नफा निश्चित, ही गोष्ट व्यापारी घरातील मुलास कोणी शिकवावी लागत नाही. भाव कळावा म्हणून आपल्या वाडवडिलांनी कासद धाडले, तारा केल्या, ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास वाट पाहिली. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. आज तोच भाव शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलवर क्षणार्धात उमटतो. मग भाव आधी कळण्यावर ज्याचा धंदा उभा होता, त्या व्यापाऱ्याचे काय होणार? आणि भाव कळला म्हणून शेतकऱ्याच्या पदरात खरोखरच दोन पैसे अधिक पडतात काय?

हे प्रश्न केवळ आपल्या पेढीवरील गप्पांचे नाहीत. विद्यापीठांतील विद्वानांनी ते अभ्यासास घेतले आहेत. हा अभ्यास एका शास्त्राच्या आवाक्यातील नव्हे. निरोप पोहोचला की नाही हे संगणकतज्ज्ञ सांगेल. भाव किती हलला हे अर्थशास्त्रज्ञ मोजील. परंतु भाव कळूनही शेतकरी जुन्याच दाराशी का जातो, हे उमगण्यास समाजशास्त्राची दृष्टी लागते. अनेक शास्त्रांनी मिळून करावयाच्या अशा शोधास आंतरविद्याशाखीय संशोधन असे नाव आहे. त्यातील तीन उदाहरणे आपणां व्यापारी बंधूंच्या नित्य व्यवहाराशी निगडित असल्यामुळे येथे सांगतो.

पहिले उदाहरण माळव्यातील सोयाबीनचे. २००० साली आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ नावाची योजना सुरू केली. खेड्यातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसविला. टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता, तेथे उपग्रहाद्वारे संपर्क साधला. वीज नव्हती, तेथे सौरऊर्जा वापरली. त्या शेतकऱ्यास ‘संचालक’ म्हणत, आणि तो गावासमोर जाहीर शपथ घेऊन काम पत्करी. शेतकऱ्याने त्याच्याकडे भाव पाहावा, नमुना दाखवावा, चिठ्ठी घ्यावी, आणि पटले तर माल कंपनीच्या केंद्रावर न्यावा. न पटले तर मंडीचा रस्ता मोकळा होताच. मिशिगन विद्यापीठातील अण्णामलई व राव यांनी २००३ साली या योजनेचे वर्णन प्रसिद्ध केले. मंडीत लिलाव होईपर्यंत शेतकऱ्यास भाव कळत नसे, आणि तोवर गाडीभाडे खर्ची पडलेले असल्याने माल परत नेणे परवडत नसे, हे मर्म त्यांनी नेमके टिपले आहे.

पुढे अपराजिता गोयल यांनी मंड्यांतील भावांचे आकडे तपासले. त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. जेथे ही केंद्रे आली, तेथे मंडीतील सोयाबीनचा भाव सुमारे १ ते ३ टक्क्यांनी चढला व सोयाबीनखालील क्षेत्रही वाढले, असे त्यांस आढळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भाव मंडीतच चढला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने कंपनीस दाणाही विकला नाही, त्यालाही लाभ झाला. कारण त्याला दुसरे गिऱ्हाईक आहे हे मंडीतील व्यापाऱ्यास ठाऊक झाले होते.

आता दुसरे उदाहरण पाहा. महाराष्ट्रातील १०० खेड्यांत मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन यांनी केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही गावांतील शेतकऱ्यांना ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही भाव व हवामान कळविणारी संदेशसेवा एक वर्ष विनामूल्य दिली, इतरांना दिली नाही. पिके कांदा, टोमॅटो, डाळिंब, गहू व सोयाबीन. सरासरीने पाहता, संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांना भाव अधिक मिळाला असे काही दिसून आले नाही.

तिसरे उदाहरण पश्चिम बंगालचे. संदीप मित्रा, दिलीप मुखर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ खेड्यांतील बटाटा उत्पादकांना घाऊक बाजाराचे भाव रोज कळविले. तेथेही शेतकऱ्याच्या पदरी पडणारा सरासरी भाव हलला नाही. कारण उघड आहे. घाऊक खरेदीदारापर्यंत थेट जाण्याची वाटच शेतकऱ्यास नव्हती. माल गावच्या व्यापाऱ्यालाच घालावा लागे.

ही तिन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. माहिती ही किल्ली आहे. पण दुसरे दारच नसेल तर किल्ली कशाला लावावी? माळव्यात भावाबरोबर दुसरे गिऱ्हाईक आले, म्हणून भाव चढला. ज्याने पेरणीपूर्वी उचल घेतली आहे, त्याच्या हाती मोबाइल असला तरी त्याचे पाऊल त्याच पेढीकडे वळते, हे आपण नित्य पाहतो. यंत्र नवे असले तरी नाते जुनेच असते.

मग मध्यस्थ नाहीसा होईल काय? ई-चौपालमध्येही तो नाहीसा झाला नाही. कंपनीने अडत्यांपैकी काहींना ‘संयोजक’ म्हणून योजनेत सामावून घेतले. कारण रोकड सांभाळणे, वाहतूक जमविणे, माणसे ओळखणे ही कामे संगणकास करता येत नाहीत. तथापि एक भेद ध्यानी घ्यावा. मध्यस्थाच्या कमाईचे दोन भाग असतात. एक सेवेचा: पैसा गुंतविणे, माल पारखणे, साठविणे, बुडीताचा धोका पत्करणे. दुसरा केवळ समोरच्याच्या अज्ञानाचा. पहिला टिकेल, दुसरा आज ना उद्या जाणार, आणि गेला तर त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे व मालातील भेसळ यांची गणना ‘तत्त्वार्थसूत्रा’त केलेली आहे. समोरच्यास भाव ठाऊक नाही याचा लाभ उठविणे त्या पंक्तीत बसते की नाही, याचा निवाडा प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. पूर्वी हा प्रश्न पेढीच्या गादीवर एकांतात सुटत असे. आता गिऱ्हाईक भाव पाहूनच पायरी चढते. तेव्हा पुढील पिढीस चोपडीबरोबर संगणक अवश्य शिकवावा. परंतु भाव सर्वांना कळल्यावरही गिऱ्हाईक आपल्याच पेढीवर का यावे, या प्रश्नाचे उत्तरही तिच्या हाती द्यावे. चोख तोल, वेळेवर पैसा आणि दिलेला शब्द, हेच ते उत्तर होय.