शिकणे फीमाफीत, औषध मात्र लाखात!

शिंप्याच्या मुलाला नोबेल पारितोषिक मिळाले म्हटले की सगळे कौतुक करतात. पण तो तिथवर पोहोचला कसा, हे कुणी विचारत नाही. स्टॅन्ली कोहेन यांचा जन्म १९२२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या एका गरीब ज्यू शिंप्याच्या घरी झाला. ब्रुकलिन कॉलेज तेव्हा शहरातील गुणवंत मुलांकडून फी घेत नसे, म्हणून ते शिकू शकले. फीमाफीचे आणि शिष्यवृत्तीचे मोल या स्तंभाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्यांच्या सहकारी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांची कथा तर आपल्याला अधिकच जवळची वाटेल. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि केवळ ज्यू म्हणून या तरुण डॉक्टरला विद्यापीठाचे दार बंद झाले. जन्मावरून ज्ञानबंदी! पण त्या रडत बसल्या नाहीत. तुरिन शहरातील राहत्या घरी, निजायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर मज्जातंतूंचा अभ्यास चालू ठेवला.

युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. १९५३ साली कोहेन तिथे आले. मज्जातंतू वाढविणाऱ्या प्रथिनाचा शोध चालू असताना त्यांना एक नवल दिसले. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांऐवजी आठवड्याभरातच उघडत होते. त्या अर्कात त्वचेच्या पेशींना ‘वाढा’ असा हुकूम देणारे आणखी एक प्रथिन होते. या वाढ-प्रथिनांच्या शोधासाठी दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

हा हुकूम झेलणारी प्रथिने पेशीच्या अंगावर असतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या दर पाच स्त्रियांपैकी साधारण एकीच्या गाठीत यांपैकी ‘हर-२’ हे प्रथिन बेसुमार वाढलेले असते आणि पेशी थांबायचे नाव घेत नाहीत. डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘हर-२’चा हा धोका दाखवून दिला. त्याला रोखणारे, जनुक-तंत्राने घडविलेले ‘ट्रॅस्टुझुमॅब’ हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाले. असंख्य स्त्रियांचे प्राण त्याने वाचविले.

मग आपल्या आयाबहिणींचे काय? भारतात याची एकेक कुपी लाखाच्या घरात विकली गेली, आणि इंजेक्शन तर वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घ्यायचे! २०१२ साली स्वस्त औषधासाठी देशात मोहीम उभी राहिली. २०१३ मध्ये रोश कंपनीने इथला पेटंटचा हक्क सोडला. २०१४ च्या आरंभी बायोकॉनने ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांना आणली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. मक्तेदारी मोडली की किंमत उतरते, हे सिद्ध झाले. पण ५७,५०० रुपये म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईची किती महिन्यांची कमाई, याचा हिशेब कोण करणार?

कंपनीने पैसा गुंतवला, हे खरे. पण कंपनीच्याही आधी त्या शोधाच्या मुळाशी फी न घेणारे एक कॉलेज होते, शिवणाच्या सुया होत्या, एका बाईची जिद्द होती. या भांडवलाचा परतावा समाजाला कधी मिळणार? दुर्दैव असे की, न्यूयॉर्कनेही १९७६ साली ती फीमाफी बंद केली.

म्हणून मागण्या दोन, पण लढा एकच. ‘हर-२’ची तपासणी आणि औषध प्रत्येक गरजू स्त्रीला सरकारी रुग्णालयात मोफत मिळाले पाहिजे. आणि शिंप्याच्या, मजुराच्या मुलामुलींची फीमाफी शाबूत राहिली पाहिजे. उद्याचे औषध शोधणारी पोर कदाचित आज आपल्याच वस्तीत, फीच्या पावतीकडे बघत बसली असेल!