गोठणारे पाणी आणि वाफेचा बंब

शून्याखालच्या थंडीत घर पेटले की अग्निशमन जवानांना आगीइतकीच पाण्याचीही चिंता असते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. पंपात अडकलेले पाणी गोठले तर ओतीव लोखंडालाही तडा जातो, आणि तडा गेला नाही तरी पंप बंद पडतोच. न्यूयॉर्कने 16 डिसेंबर 1835 च्या रात्री हे अनुभवले. तापमान उणे 27 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. ईस्ट नदीवरचा बर्फ फोडून काढलेले पाणी हातबंबांत आणि नळ्यांत गोठत होते. पाचशेहून अधिक इमारती जळाल्या. शेवटी दारूगोळ्याने काही इमारती उडवून आगीची वाट तोडावी लागली.

खरे तर यावरचा उपाय लंडनमध्ये आधीच तयार होता. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी 1829 मध्ये वाफेचा बंब बनवला. फेब्रुवारी 1830 मध्ये आर्गाइल रूम्स हे सभागृह पेटले, तेव्हा हातबंब गोठले आणि हा बंब सुमारे पाच तास चालत राहिला. तरीही लंडनच्या दलाने वाफ स्वीकारायला 1860 साल उजाडले!

त्याची रचना समजायला न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा: मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, वर धुराडे. वाफेच्या बंबातही खाली भट्टी आणि वर उभा बॉयलर असे. पुढे अमेरिकेतल्या अग्निशमन केंद्रांत बॉयलर तिथल्या गरम पाण्याच्या नळांना जोडून ठेवत. घोडे गाडी घेऊन निघाले की जोड आपोआप सुटे आणि काही मिनिटांत वाफ तयार होई.

पाणी थंड असल्याने आग लवकर विझते, हा मात्र गैरसमज आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2260 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ते पाणी 20 अंशांनी अधिक थंड असल्याचा फायदा जेमतेम 84 किलोज्यूलचा. उलट गोठण्यासाठी पाण्याला किलोमागे 334 किलोज्यूल गमवावे लागतात. वाहत्या पाण्याला होजपाइपमध्ये तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत जवान नोझल पूर्ण बंद करत नाहीत, बारीक धार सोडून ठेवतात. थंड प्रदेशातल्या हायड्रंटची झडपही जमीन गोठते त्या खोलीच्या खाली असते आणि वापरानंतर वरच्या नळातले पाणी झिरपून जाते.

मारलेले पाणी मात्र भिंतींवर गोठतेच. न्यूयॉर्कची इक्विटेबल इमारत 9 जानेवारी 1912 रोजी जळाली, तेव्हा तिचे अवशेष बर्फाच्या जाड कवचाखाली गेले होते. शिड्यांवरही असा बर्फ चढतो आणि एका घनमीटर बर्फाचे वजन 900 किलोहून अधिक भरते. आग विझल्यावर ओले होजपाइप लाकडासारखे ताठ होतात. गुंडाळायला गेले तर मोडतात, म्हणून ते उघड्या ट्रकवर आडवे टाकून केंद्रात नेतात आणि वितळल्यावरच त्यांची गुंडाळी करतात.